एक फेरी उरते

दत्तनगरच्या बोळात रात्री आठला वीज गेली
तेव्हा सात नंबरच्या मागाचं काउंटर थांबलं
एक शून्य चार सात दोन नऊ वर.

आमच्याकडे पीक म्हणजे ज्वारी नव्हे.
धोटा या टोकाचा त्या टोकाला गेला, की एक पीक.
मजुरी हजारावर, हिशेब पंधरवड्याला.
दिवसपाळी बापाची, रातपाळी मौलाली शेखची,
माग एक, काउंटर एक,
आणि कोणी किती विणलं
याची वही दोघांनी कधी ठेवली नाही.
अर्धं अर्धं.

मुनीम म्हणाला, वरचे एकोणतीस सोडा.
बाप म्हणाला, सोडा कसे? हात गेलाय त्यात.
मग मेणबत्तीजवळ
बावन्न हजार तीनशे चौसष्ट तुझे,
बावन्न हजार तीनशे चौसष्ट माझे,
आणि एक.
"तू घे की बे."
"तूच घे. पोरीच्या शाळंला लागंल."

पोरगी मी. नववीत.
आईच्या बिडी कारखान्याच्या जुन्या कार्डांमागं
भागाकार मांडून बसले.
"काय करलालीस गं?"
"ही कुणात वाटली जाती का बघतीय."
आईनं पान कातरता कातरता सांगितलं,
"पंचवीसचे कट्टे बांध.
चार हजार एकशे एकोणनव्वद, वर चार बिड्या."
माझी पेन्सिल अजून पहिल्या घरात होती.

बिराजदार बाईंनी शिकवलेलं:
भागणारे जोडीनं येतात.
एक थोराड असला, तर दुसरा बारका असणारच.
म्हणून तीनशे तेवीसपर्यंतच जा,
पलीकडचा कोणी असेल
तर त्याचा जोडीदार अलीकडेच भेटेल तुला.

सातानं दोन उरले. अकरानं नऊ.
तेरानं एक.
एकोणीसनं एक.
त्रेपन्ननंही एकच, तेव्हा मी कार्ड उलटं ठेवून दिलं थोडा वेळ.
एक फेरी कमी पडली असती
तर तिघांच्याही घरात बसली असती की ही!
मेण कार्डावर सांडलं. घाम वेगळा.
शेवटचा तीनशे सतरा. उरले एकशे एकोणीस.
सहासष्ट जणांना विचारलं,
सहासष्ट वेळा काहीतरी हातात राहिलं.

बापाला सांगितलं, ही मूळ संख्या आहे.
तो डिझाइनच्या भाषेत ऐकत होता.
"म्हंजे रिपीट बसत नाही.
एवढ्या धाग्यांत कुठलंबी फूल घाल,
काठाला अर्धंच निघंल.
असल्या आकड्याची चादर कोण घेणार?"
मौलालीचाचा म्हणाले, "पूर्ण रुंदीत एकच फूल घाल ना."
बापाला हे आवडलं.
तो अंधारात बराच वेळ तेवढं मोठं फूल बघत बसला असावा.

अडीचला वीज आली.
कोणी काही ठरवायच्या आत माग हलला, खट्.
काउंटरवर तीस.
दोनानं जाते, तिनानं, पाचानं, दहानं,
कुणालाही नाही न म्हणणारी.
"झालं बघ," बाप ओरडला, मागाच्या आवाजावरून,
"फिटलं तुझं एकोणतीस."

आता तो माग किलोवर गेलाय.
मौलालीचाचा भिवंडीला गेले, पत्ता बदलला.
बापाला कमी ऐकू येतं; मी बोलते ते तो ओठांवरून विणतो.

परवा कार्डं सापडली, मेणाच्या डागांची.
सहज म्हणून वर्ग लावून बघितले:
तीनशे तेवीस बाय तीनशे तेवीसचा एक चौरस,
वीस बाय वीसचा दुसरा.
एक चादर, एक हातरुमाल.
काहीच उरलं नाही.
आणि ही वाटणी एवढी एकच, दुसरी रीत नाही;
तसं सिद्ध झालेलं आहे, मी पुस्तकात ताडून बघितलं.

तीनशे तेवीस.
जिथं मला थांबायला सांगितलं होतं.

बापाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं.
तो म्हणाला, "रुमाल मौलालीला दे."